शाळेचे मैदान, बँकेची नोकरी: रमाकांत आचरेकर आणि मुंबई क्रिकेटची शिडी

मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सारे गाव गुरेढोरे, कोंबड्या, कुत्रे घेऊन वेशीबाहेर पडते. तीन दिवस आणि तीन रात्री घरांत दिवा लागत नाही. लोक वेशीपलीकडे झोपड्या घालून राहतात, एकत्र रांधतात, रात्री भजने करतात. पुन्हा कौल झाला की माणसे घरी परततात आणि चुली पेटतात.

या किनाऱ्याने आणखी एक पळण पाहिली. ती शंभर-सव्वाशे वर्षे चालली आणि तिला परतीचा कौल नव्हता. मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या बंदरांतून बोटीत बसून माणसे मुंबईला गेली, गिरण्यांत आणि गोदीत लागली. त्यांच्या मनिऑर्डरींवर इथली घरे शाकारली गेली आणि देवळांचे जीर्णोद्धार झाले. या चाकरमान्यांचा इतिहास गिरणी, खानावळ, दशावतार, भजनी मंडळे आणि संप या अंगांनी पुष्कळ लिहिला गेला आहे. त्यांच्या मुलांनी मुंबईच्या मैदानांवर काय केले, याची हकिगत मात्र सहसा क्रिकेटच्या पानावर जाते आणि धावांच्या हिशेबात विरून जाते. प्रस्तुत लेखात ती हकिगत एका माणसाच्या निमित्ताने पाहायची आहे. आचरेकर या आडनावातच आचरा आहे. रमाकांत विठ्ठल आचरेकर यांचा जन्म १९३२ साली मालवणचा आणि मृत्यू २ जानेवारी २०१९ रोजी मुंबईतला. सचिन तेंडुलकरचे गुरू म्हणून त्यांची ओळख सर्वांना आहे. पण शाळकरी पोर व्यावसायिक खेळाडू कसा होतो, त्यासाठी कोणत्या पायऱ्या लागतात आणि मधली पायरी निखळली तर काय होते, हे समजून घ्यायला त्यांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

मैदानावरची चाकरी

कोकणी माणसाचा आणि धंदेवाईक क्रिकेटचा संबंध आचरेकरांच्या पुष्कळ आधी सुरू होतो. पाळवणकर बाळू यांचे आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या पाळवण गावावरून आले. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात वाढला आणि गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदान राखण्याच्या कामाला लागला. पगार महिना चार रुपये. खेळपट्टी रोलरने दाबायची, जाळे लावायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्याचे काम. साहेबांना चेंडू टाकता टाकता तो देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला तो मैदानावर हवा होता, पण चहाच्या वेळी त्याचा पेला वेगळा ठेवला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्याला मिळाले नाही. पुढे १९२३ साली ते त्याचा भाऊ विठ्ठल याच्याकडे आले.

बाळूची कथा इथे सांगायचे कारण त्यातली चाकरी. तो शाळेच्या संघातून वर आला नाही, मैदानावरच्या नोकरीतून आला. क्रिकेट हा तेव्हा राजेरजवाड्यांचा आणि जिमखान्यांचा शौक होता. ज्याच्या घरी शौक परवडत नाही, त्याला खेळायचे तर कुणीतरी पगार द्यायला हवा. हा प्रश्न बाळूपुढे होता, गिरणगावातल्या पोरांपुढे होता आणि आजच्या पोरांपुढेही आहे. पगार कोण देतो, एवढेच काळाप्रमाणे बदलत गेले.

दोन देशांच्या दोन शिड्या

अमेरिकेत हा प्रश्न बेसबॉलने वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे १९२० च्या दशकात सेंट लुईसच्या ब्रँच रिकी या व्यवस्थापकाने लहान गावांतले दुय्यम संघ आपल्या मोठ्या संघाशी बांधून घेतले. शाळेतून निघालेल्या मुलाला करारावर घ्यायचे, खालच्या लीगमध्ये दोन-चार वर्षे खेळवायचे आणि पिकला की वर न्यायचा. शेतात रोपे लावावीत तसा हा प्रकार असल्याने त्याला नावही शेतीवरूनच पडले. १९६५ पासून शाळा-कॉलेजांतले खेळाडू वाटून घेण्याची वार्षिक निवडही सुरू झाली. अशा व्यवस्थेत पहिल्या दिवसापासून मुलाचा मालक क्लबच असतो.

इंग्लंडमध्ये कौंट्या होत्या आणि लँकेशायरच्या गिरणगावांत शनिवारची लीग होती. तिथला प्रत्येक क्लब एक व्यावसायिक खेळाडू पगारावर ठेवी. आपल्याकडचे कितीतरी मोठे खेळाडू उन्हाळ्यात तिथे पोट भरायला जात. १९५२ साली भारतीय संघ इंग्लंडमध्ये असताना विनू मांकड हॅसलिंग्डन क्लबच्या करारात अडकलेले होते. पहिली कसोटी त्यांच्यावाचून झाली. क्लबने मोकळे केल्यावर ते लॉर्ड्सवर आले आणि ७२ व १८४ धावा काढून पाच बळीही घेतले. देशाच्या संघाला आपला सर्वोत्तम अष्टपैलू एका गिरणगावच्या क्लबाकडून मागून घ्यावा लागला, याचे कारण उघड आहे. देश मान देत होता आणि क्लब पगार देत होता.

मुंबईत ना अमेरिकेसारखी शेती होती, ना लँकेशायरसारखी लीग. इथे होत्या शाळा, क्लब आणि कचेऱ्या. त्यांतून हळूहळू एक शिडी उभी राहिली. पहिली पायरी शालेय स्पर्धांची. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची हॅरिस शिल्ड मोठ्या मुलांसाठी आणि गाइल्स शिल्ड लहान मुलांसाठी. दुसरी पायरी क्लबांची. १९४८ पासून डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ ऐन पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाऊ लागली. ओल्या, उघड्या खेळपट्टीवर चेंडू कधी गुडघ्याखाली राहतो, तर कधी छातीवर येतो. तिथे ज्याने पन्नास धावा काढल्या त्याला कोरड्या खेळपट्टीचे भय उरत नाही, असे जुने खेळाडू सांगत. तिसरी पायरी कचेऱ्यांची. बँका, रेल्वे, बंदर, गिरण्या, सिमेंट आणि कापड कंपन्या यांचे संघ टाइम्स शिल्डसाठी भांडत. त्याच्या वर रणजी आणि मग कसोटी.

या शिडीतली सर्वांत महत्त्वाची पायरी तिसरी, कारण पगार तिथे होता. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, बापू नाडकर्णी असोसिएटेड सिमेंटमध्ये, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. कागदोपत्री ते हौशी खेळाडू होते. प्रत्यक्षात क्रिकेटमुळे नोकरी आणि नोकरीमुळे क्रिकेट, असा व्यवहार होता. मुलाच्या बॅटीकडे संशयाने पाहणाऱ्या बापाला हा व्यवहार लगेच कळे. मुलगा कसोटी खेळला तर उत्तमच, नाही खेळला तरी बँकेत चिकटेल. मुंबईतल्या मध्यमवर्गीय आणि कामगार घरांनी आपली मुले मैदानावर सोडली, ती या भरवशावर.

एकच सामना

आचरेकर या शिडीवर स्वतः चढले होते. १९४५ साली, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले. पुढे यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई बंदर असे संघ झाले. ही नावे नुसती वाचली तरी चाकरमान्यांच्या मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. मग स्टेट बँकेची नोकरी मिळाली. १९६३-६४ च्या मोसमात हैदराबादच्या मोइनउद्दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून हैदराबाद संघाविरुद्ध खेळले. प्रथम श्रेणीचा तो त्यांचा एकमेव सामना. तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते. रणजी नाही, कसोटी तर दूरच.

शिडीची शेवटून दुसरी पायरी गाठून थांबलेले असे शेकडो जण मुंबईत होते. त्यांतले बहुतेक निवृत्त होईपर्यंत बँकेच्या संघात खेळले, संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर बसून नव्या पोरांच्या चुका काढत राहिले. त्यांच्यावर टीका करण्याचे कारण नाही. त्यांना नोकरी होती, घर होते, रविवार होता. शिडीने त्यांना वर नेले नसले तरी खाली टाकले नव्हते. आचरेकरांनी त्याच नोकरीच्या आधारावर दुसरे काम सुरू केले. पगार बँकेचा आणि दिवसाची दोन्ही टोके मैदानावर. शिवाजी पार्कवर त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब उभा केला आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात मुलांना शिकवू लागले.

ज्या मैदानावर हे चालले त्याचीही हकिगत ध्यानात घेण्यासारखी आहे. महापालिकेने १९२५ साली माहीम पार्क म्हणून ते खुले केले आणि १९२७ साली, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त त्याला शिवाजी पार्क हे नाव दिले. मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावरचे जिमखाने धर्माधर्मांचे होते आणि तिथे सभासदत्व लागे. शिवाजी पार्कला कुंपणाऐवजी बसायचा कठडा होता. ज्याच्याकडे बॅट आहे त्याने यावे. एकाच मैदानावर एकाच वेळी दहा सामने चालत, एका सामन्याचा पॉइंट हा दुसऱ्याचा स्लिप असे. मालवणहून आलेल्या माणसाला आपली शाळा काढायला मुंबईत याहून योग्य जागा मिळाली नसती.

स्टंपवरचा रुपया

आचरेकरांच्या शिकवण्याविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. त्या बाजूला ठेवून त्यांची पद्धत पाहिली तर ती साधी आणि कष्टाची होती. मुलाला जाळ्यात फार दिवस घोटत ठेवायचे नाही, सामने खेळवायचे. सामन्यात बाद झाले की दिवस फुकट जातो, ही भीती जाळ्यात शिकता येत नाही. आपल्या पहिल्या उन्हाळी सुट्टीच्या ६० दिवसांत आपण ५५ सराव सामने खेळलो, असे तेंडुलकर यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. सकाळी सराव, दुपारी सामना, संध्याकाळी पुन्हा सराव. एका मैदानावर मुलगा बाद झाला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे आणि तिथल्या संघात चौथ्या क्रमांकावर उतरवायचे.

संध्याकाळी पोरगा थकलेला असताना ते मधल्या स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज बाद करील त्याचे नाणे, शेवटपर्यंत टिकला तर फलंदाजाचे. मैदानावरची झाडून सगळी पोरे क्षेत्ररक्षणाला उभी असत. तेंडुलकरकडे अशी १३ नाणी जमली. कसोटीतल्या शतकांपेक्षा त्यांचे मोल त्याला कमी वाटले नाही. रुपयाची ही युक्ती म्हणजे पगाराचा धडाच होता. थकलेल्या अंगाने केलेल्या कामाचेच दाम मिळते, हे गिरणीत तिसरी पाळी करणाऱ्या बापाला ठाऊक होते. सरांनी ते मुलाला अकराव्या वर्षी शिकवले.

सर कौतुक करीत नसत. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचे भाषण करताना तेंडुलकरने गमतीने सांगितले, की एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही ‘छान खेळलास’ म्हटले नाही. आता सामनेच संपल्याने तसे म्हणायला हरकत नसावी. एकदा शारदाश्रमच्या मोठ्या मुलांचा अंतिम सामना बघायला स्वतःचा सराव सामना बुडवून तो वानखेडेवर गेला होता. सरांनी तिथेच त्याच्या थोबाडीत दिली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असा खेळ, असे त्यांनी बजावले. आजच्या शिक्षणशास्त्रात ही थप्पड बसणार नाही आणि बसूही नये. पण तीत दडलेला हिशेब खरा होता. त्यांच्या लेखी एका मुलाच्या आयुष्यातल्या सामन्यांची संख्या मोजकी होती आणि एक सामना फुकट घालवणे हे चोरीइतके वाईट होते.

२३ फेब्रुवारी १९८८

शालेय पायरीवर आचरेकरांनी किती वजन टाकले होते, हे त्या वर्षीच्या हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात दिसले. आझाद मैदानावर शारदाश्रमची गाठ सेंट झेवियर्सशी होती. दोन गडी बाद झाल्यावर चौदा वर्षांचा सचिन आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी एकत्र आले, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलले नाहीत. साहाय्यक प्रशिक्षक लक्ष्मण चव्हाण सीमेवरून डाव घोषित करा म्हणून खुणा करीत होते. पोरांनी त्यांच्याकडे न पाहण्याची खबरदारी घेतली. अखेर जेवणाच्या सुट्टीत फोनवरून सरांचाच हुकूम आला, तेव्हा विनोद ३४९ वर होता. एका धावेसाठी केलेली त्याची विनवणी सरांनी ऐकली नाही. शारदाश्रम २ बाद ७४८. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. नंतर विनोदने सहा बळीही घेतले. हा विक्रम २००६ साली हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावा करून मोडला.

या सामन्याचे वर्णन करताना दोन माणसे विसरली जातात. एक, सेंट झेवियर्सचा साईराज बहुतुले. त्या उन्हात तो लेगस्पिन टाकत राहिला आणि मनसोक्त मार खाल्ला. तरीही पुढे तो दोन कसोट्या खेळला आणि प्रथम श्रेणीत त्याने ६३० बळी घेतले. दुसरा, शारदाश्रमच्या तंबूत पॅड बांधून बसलेला तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार. पुढचा फलंदाज तो होता. त्याची पाळी आलीच नाही.

एका शाळेतले, एका गुरूचे हे तीन मुलगे. शिडी त्यांच्यासाठी एकच होती. पुढे काय झाले ते पाहू.

तिघांच्या तीन वाटा

सचिनने त्याच वर्षी डिसेंबरात गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात नाबाद १०० धावा केल्या आणि १५ नोव्हेंबर १९८९ रोजी, सोळाव्या वर्षी तो कराचीत कसोटी खेळला. १९९२ साली यॉर्कशायरने त्याला करारावर घेतले. कौंटीच्या हद्दीत जन्मलेल्यांनाच खेळवायचे, असा त्या क्लबाचा जुना बाणा होता. तो मोडून घेतलेला त्यांचा पहिला परदेशी खेळाडू म्हणजे हा एकोणीस वर्षांचा मुंबईकर. त्या मोसमात त्याने प्रथम श्रेणीच्या १६ सामन्यांत १०७० धावा केल्या. १९९५ साली एका जाहिरात कंपनीने त्याच्याशी पाच वर्षांसाठी तीस कोटींच्या आसपासचा करार केला. कचेरीच्या नोकरीच्या पायरीवर त्याला थांबावे लागले नाही. तो तिच्यावरून उडी मारून पलीकडे गेला, आणि त्याच्यामागून भारतीय क्रिकेटही गेले.

विनोद कांजूरमार्गच्या वस्तीतून, लोकलच्या गर्दीत किट सांभाळत येई. १९९३ साली त्याने लागोपाठच्या कसोट्यांत २२४ आणि २२७ धावा केल्या. १७ कसोट्यांत १०८४ धावा, सरासरी ५४.२०. ही सरासरी थोरांच्या पंक्तीतली आहे. पण १९९५ नंतर, तेविसाव्या वर्षानंतर तो कसोटी खेळला नाही. त्याची कारणे अनेकांनी अनेक परींनी मांडली आहेत आणि दोष वाटण्याचे काम या लेखाचे नाही. २०२२ साली त्याने जाहीरपणे सांगितले, की क्रिकेट मंडळाचे महिना ३० हजारांचे निवृत्तिवेतन हेच आपले उत्पन्न आहे आणि मुलांना शिकवायचे काम मिळाले तर हवे आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या दिवशी सचिन व्यासपीठावर उठून खुर्चीत बसलेल्या विनोदपाशी गेला. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले आणि दोन मित्रांच्या नशिबाची तुलना करून झाली. तुलना करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही, की या दोघांच्या मधली जी जागा आहे, तिथे पूर्वी एक पायरी होती.

त्या मधल्या जागेत अमोल उभा राहिला. रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतके, २००६-०७ साली मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे कप्तानपद, आणि भारताची टोपी एकदाही नाही. तेरा वर्षांचा असताना तंबूत सुरू झालेली वाट पाहणे जणू संपलेच नाही. निवृत्तीनंतर तो प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचा मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार होता.

तिघांत सरांच्या वाटेने गेला तो अमोल. वरची पायरी चुकली म्हणून तो दुसऱ्यांसाठी पायऱ्या घडवू लागला. आचरेकरांच्या शिष्यांत असे पुष्कळ निघाले. चंद्रकांत पंडितने विदर्भाला दोनदा आणि मध्य प्रदेशाला एकदा रणजी करंडक मिळवून दिला. लालचंद राजपूत २००७ च्या ट्वेन्टी-२० विश्वविजेत्या संघाबरोबर होता. प्रवीण आमरे, संजय बांगर, रमेश पोवार, पारस म्हांब्रे यांनीही प्रशिक्षणात नाव केले. सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली ती खेळाडू घडवल्याबद्दल. त्यांनी मास्तरांची एक पिढीही घडवली, हे काम तितकेच मोठे आहे.

मधल्या पायऱ्या

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप संपला नाही, गिरण्या संपल्या आणि त्यांच्याबरोबर गिरण्यांचे संघही. पुढल्या दशकांत बँका आणि कंपन्यांनी खेळाडूंची भरती आखडती घेतली. खासगी कंपनीला टाइम्स शिल्डपेक्षा दूरदर्शन संचावरची जाहिरात स्वस्त आणि फायद्याची वाटू लागली. २००८ साली आयपीएल आली आणि बोलीवर कोट्यवधी रुपये मिळू लागले. पगार देणारा पुन्हा बदलला. साहेबांचा क्लब, मग गिरणी, मग बँक, आता संघमालक.

यात वाईट काही नाही. ज्या मुलाला रणजी खेळूनही उपनगरात खोली घेता येत नव्हती, त्याला आज एका मोसमात घर घेता येते. पण बोलीत नाव न आलेल्या मुलाला आता बँक बोलावत नाही. जुनी शिडी गरीब होती. तिच्यावर चढणारे शंभर असले तर एक कसोटीला जाई, दहा रणजीला, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना टेबल-खुर्ची मिळे. नवी शिडी श्रीमंत आहे, पण तिच्या मधल्या पायऱ्या विरळ आहेत.

पायऱ्यांवाचून वर पोचण्याचा एक प्रयोग आपल्याच देशात बेसबॉलच्या निमित्ताने झाला. २००८ साली वेगाने चेंडू फेकणाऱ्या तरुणांचा शोध घेणाऱ्या एका अमेरिकन स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, निवडले गेले. त्यापूर्वी ते बेसबॉल खेळलेले नव्हते. वर्ष सरण्यापूर्वी पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारावर घेतले. त्यांच्यावर चित्रपट निघाला. दोघेही मोठ्या लीगपर्यंत पोचले नाहीत. पटेल मायदेशी परतला, सिंग पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. हाताला वेग होता. शाळेतले सामने, हरण्याची सवय, खेळाची बारीक जाण हे दहा वर्षांचे खत नव्हते. आचरेकरांच्या ५५ सामन्यांचा अर्थ अशा उदाहरणासमोर ठेवला की नीट कळतो.

किनाऱ्यावर

आता पुन्हा मालवणात येऊ. भातकापणी झाली की इथले कुणगे मोकळे होतात, ओहोटीला पुळण मोकळी होते आणि टेनिस बॉलचा मोसम सुरू होतो. लहानपणी माडाच्या झावळीच्या देठाची बॅट, मोठेपणी लाकडाची. टोपीवाला बोर्डिंगच्या मैदानावर स्पर्धा लागली की रात्री दिव्यांच्या उजेडात माणसे दाटीवाटीने उभी असतात, मालवणीतून समालोचन चालते. हातात जोर आणि नजरेत धार असलेल्या मुलांची या किनाऱ्यावर कमतरता नाही. २०२४ पासून टेनिस बॉलचीही व्यावसायिक लीग ठाण्यात सुरू झाली आहे. ज्या चेंडूला शिडीच नव्हती, त्याच्यापर्यंतही आता पगार पोचला, ही चांगली गोष्ट आहे.

पण शिवणीच्या चेंडूची शिडी मालवणपासून अजून लांब आहे. क्रिकेटच्या नकाशावर सिंधुदुर्ग मुंबईत मोडत नाही, तो पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेखाली येतो. मालवणी बाप परळला गेला तर त्याचा मुलगा मुंबईसाठी खेळतो. तोच बाप गावी राहिला तर मुलाला घाट चढून पुण्याकडे पाहावे लागते. मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला. महाराष्ट्राने तो दोनदा जिंकला, तोही देवधरांच्या काळात, १९३९-४० आणि १९४०-४१ साली. मुंबईच्या त्या बेचाळीस करंडकांत कोकणचे किती, हे कुणी मोजलेले नाही. राजापुरात जन्मलेला दिलीप वेंगसरकर दादरच्या शाळेत घडला, मालवणात जन्मलेल्या आचरेकरांनी दादरला शाळा घडवली. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या दोन्ही मोसमांत, २०२३ आणि २०२४ साली, रत्नागिरीच्या नावाचा संघ विजेता ठरला. पण ते सामने झाले गहुंज्याला. कोकणचे नाव पुढे जाते, मैदान मात्र घाटावर राहते.

तेंडुलकरने २०२३ साली आपला पन्नासावा वाढदिवस सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर साजरा केला. गुरूचा जिल्हा त्याला विश्रांतीसाठी आवडला याचा इथल्या लोकांना आनंद झाला, तो साहजिकच आहे. पाहुणचारात आपण कधी कमी पडलो नाही. मात्र आचरेकरांच्या आयुष्यातून या किनाऱ्याने घ्यायची गोष्ट पाहुणचाराहून वेगळी आहे. त्यांच्यापाशी भव्य स्टेडियम नव्हते. एक उघडे मैदान होते, एक शाळा होती, बँकेचा पगार होता, स्कूटर होती आणि रोजच्या रोज हजर राहण्याची शिस्त होती. शाळेशाळांतले नियमित सामने, ते खेळवणारा एक मास्तर आणि त्या मास्तरला निर्धास्त ठेवणारी नोकरी, एवढ्या तीन गोष्टींवर ती शिडी उभी होती.

आचऱ्याची गावपळण चौथ्या दिवशी संपते, कारण माघारी येण्याजोगे घर मागे असते. मुंबईला गेलेल्या पोरांसाठी तसे काही मागे नव्हते, म्हणून ती तिथेच राहिली, तिथेच खेळली आणि तिथलीच झाली. पुढचा आचरेकर मालवणात जन्मलाही असेल. त्याने तेराव्या वर्षी गाडी पकडायची की इथल्याच मैदानावर शंभर सामने खेळायचे, हे त्याच्या गुणांवर अवलंबून नाही. त्याच्या शाळेला दर आठवड्याला दुसऱ्या शाळेशी सामना मिळतो की नाही, यावर ते अवलंबून आहे.